मंत्र म्हटला की विसरायचा: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधली जादू आली कुठून?

'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम २०२३ साली आला आणि ज्यांनी आयुष्यात कधी फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग गेम पाहिला नव्हता, अशी पुष्कळ मंडळी त्यात ओढली गेली. त्यात जादूगार निवडणाऱ्या नवख्याची पहिली तक्रार जवळजवळ ठरलेली असते. दोन मंत्र टाकले, दोन गॉब्लिन आडवे झाले, तिसरा अजून उभा आहे, आणि जादूगाराचा साठा संपला. आता करायचं काय? तळावर जाऊन झोपायचं, म्हणजे तो साठा परत भरतो. हे काय नाटक आहे? जादू येते तर येते, नाही तर नाही. दोनदाच का येते? आणि झोपेचा तिच्याशी काय संबंध?

हा नियम त्या गेमने शोधलेला नाही. तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-पेन्सिलच्या खेळातून आला, आणि त्या खेळाने तो जॅक व्हॅन्स नावाच्या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकमालेतून उचलला. मालेचं नाव 'डाइंग अर्थ', म्हणजे मरणपंथाला लागलेली पृथ्वी. पहिलं पुस्तक १९५० चं. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या २०२२ मधल्या चौथ्या सीझनमध्ये ज्या राक्षसाला मुलं वेक्ना म्हणतात, ते नावही या खेळातलंच. व्हॅन्स या आडनावाची रोमन अक्षरं उलटसुलट केली की वेक्ना तयार होतो. नाव सगळ्यांना ठाऊक झालं, पण ज्याच्यावरून ते पडलं तो लेखक मागेच राहिला.

आधी खेळ समजून घेऊ

रोल-प्लेइंग गेममध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे सूत्रधार. तो प्रसंग सांगतो: 'समोर दार आहे, आतून कुजबुज ऐकू येते आहे.' बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असते तिथे फासा पडतो. एकाच रात्रीत खेळ संपत नाही. तीच पात्रं घेऊन महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं खेळतात. जसजसा अनुभव वाढतो तसतशी पात्राची लेव्हल वाढते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव, खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई हजार प्रतींची. त्याआधी ही मंडळी युद्धाचे खेळ खेळत. टेबलावर शिशाचे सैनिक मांडायचे, पट्टीने अंतर मोजायचं, कोणाची फळी फुटली ते फाशाने ठरवायचं. १९७१ च्या 'चेनमेल' या मध्ययुगीन युद्धखेळाला गायगॅक्सने शेवटी एक काल्पनिक पुरवणी जोडली, तिच्यात ड्रॅगन होते, राक्षस होते आणि जादूगारही होता. तिथला जादूगार म्हणजे खरं तर चालती-बोलती तोफ. त्याचा आगीचा गोळा कुठे, किती जागेत पडतो, याचे नियम दगड फेकणाऱ्या यंत्रावरून घेतले होते, आणि विजेच्या लोळाचे मैदानी तोफेवरून.

दोन फौजांच्या लढाईत तोफ असली तर बिघडत नाही, समोरच्याकडेही ती असते. पण एका बाहुलीमागे वीस सैनिक न मानता ती एकच व्यक्ती मानली आणि चार मित्र एकेक व्यक्ती होऊन भुयारात शिरले, की घोटाळा होतो. तोफ असलेला मित्र दर वेळी आग टाकणार, आणि तलवारवाला मागे उभा राहून शेकत बसणार. मग तलवारवाला कोणी व्हायचंच कशाला? जादू जबरदस्त तर हवी, पण तिला लगाम हवा. लगाम कसा घालायचा, हा प्रश्न गायगॅक्सपुढे होता, आणि उत्तर त्याच्या पुस्तकांच्या कपाटात होतं.

म्हातारा सूर्य आणि शंभरेक उरलेले मंत्र

जॅक व्हॅन्सचा जन्म १९१६ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. डोळे अधू होते, तरी दुसऱ्या महायुद्धात तो व्यापारी जहाजांवर नोकरीला होता. तिथेच त्याने या कथा लिहिल्या. 'द डाइंग अर्थ' हे पहिलं पुस्तक स्वस्त कागदावर छापलेली पॉकेटबुकं काढणाऱ्या प्रकाशकाने काढलं. त्यात एकमेकींना धरून असलेल्या सहा कथा आहेत.

काळ इतका पुढचा की आपली सगळी संस्कृती केव्हाच मातीत गेली, तिच्यावर आणखी कितीतरी साम्राज्यं आली नि गेली. सूर्य लालसर, थकलेला. तो कुठल्याही दिवशी विझेल हे सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच कोणाला कशाचीच घाई नाही. लोक उंची कपडे घालतात, अलंकारिक बोलतात, जेवणाच्या बिलावरून तासभर वाद घालतात आणि संधी मिळाली की एकमेकांना बिनदिक्कत फसवतात. आणि जादू? ती विज्ञानाचीच उरलीसुरली राख आहे. पहिल्याच कथेत तुर्जान नावाचा जादूगार पँडेल्यूम या महाज्ञान्याकडे जातो, तेव्हा त्याला कळतं की सगळे मंत्र ज्या पायावर उभे आहेत त्याला गणित म्हणतात. तुर्जानला हा शब्दही नवा आहे.

एके काळी हजाराहून जास्त मंत्र होते. आता माणसाला ठाऊक असलेले शंभराहून थोडे जास्त उरलेत. मॅझिरियन नावाच्या जादूगाराकडे त्यातले त्र्याहत्तर आहेत आणि उरलेले मिळवण्यासाठी तो कुठल्याही थराला जाईल. पण पोथीत मंत्र असणं वेगळं आणि डोक्यात मावणं वेगळं. हे मंत्र इतके जड असतात की तुर्जानच्या डोक्यात एका वेळी चारच राहतात. मॅझिरियनने कसून सराव केलाय, म्हणून तो चार महाभयंकर किंवा सहा हलके मंत्र पेलू शकतो. आणि मंत्र उच्चारला की तो डोक्यातून पुसला जातो, पोथी उघडून पुन्हा घोकल्याशिवाय परत येत नाही.

एका कथेत मॅझिरियन एका स्त्रीचा पाठलाग करत रानात शिरणार असतो. निघण्यापूर्वी तो पोथ्या चाळतो आणि मोठ्या कष्टाने पाच मंत्र डोक्यात कोंबतो. एक माणसाला हवेत गरगर फिरवणारा, एक मोहिनी घालणारा, एक रंगीत किरणांचा घातक फवारा, एक दमणूक-भूक दूर ठेवणारा, एक अंगाभोवती अभेद्य गोल उभा करणारा. मग रानात एकेक संकट समोर येतं आणि एकेक मंत्र खर्ची पडत जातो. वाचणाऱ्याचं लक्ष आपोआप शिलकीकडे जातं: आता उरले किती, आणि रान संपायला वेळ किती?

ही कल्पना आपल्याला परकी नाही. कर्णाची वासवी शक्ती आठवा. कवचकुंडलं देऊन इंद्राकडून मिळवलेली, अमोघ, पण एकदाच चालणारी. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. रात्रीच्या युद्धात घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवली, सगळे कर्णाच्या मागे लागले, आणि ती शक्ती तिथे खर्च झाली. पांडव रडत होते आणि कृष्ण मात्र आनंदात होता, कारण त्याने हिशेब बरोबर केला होता. शक्ती जर रोज हवी तितक्या वेळा सोडता आली असती, तर या प्रसंगात प्राणच उरला नसता. व्हॅन्सच्या जादूगाराची अवस्था रोज कर्णासारखी असते, फरक एवढाच की त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भरून घेता येतं.

विमा कंपनीतल्या माणसाला हे का आवडलं

गॅरी गायगॅक्स खेळ लिहिण्याआधी विमा कंपनीत कामाला होता, जोखीम मोजून तिची किंमत ठरवण्याच्या खात्यात. मला तरी हा योगायोग वाटत नाही. त्याच्या नियमपुस्तकांमध्ये कोष्टकांचा जो सोस आहे, तो कवीचा नाही.

एप्रिल १९७६ मध्ये 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या आपल्या कंपनीच्या पत्रिकेत त्याने खेळातल्या जादूवर एक लेख लिहिला. लोक नियम चुकीचे वाचत होते, म्हणून खुलासा करणं भाग पडलं. त्यात त्याने साहित्यातल्या जादूचे चार प्रकार मांडले. पहिला, लांबलचक विधींचा आणि साहित्य-सामग्रीचा, 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणी करतात तसा. दुसरा, चार शब्दांत उरकणारा छोटा मंत्र. इथे त्याने फिनलंडच्या पुराणकथांची आणि व्हॅन्सची नावं घेतली. तिसरा, डी कँप आणि प्रॅट या जोडगोळीच्या कथांमधला, प्रचंड ताकदीचा पण कधी कधी भलतीकडे जाणारा. आणि चौथा, दुबळ्या, फारशा उपयोगी न पडणाऱ्या जादूचा. त्याचं उदाहरण म्हणून त्याने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्कीनचं नाव दिलं! त्याने दुसरा प्रकार निवडला. टेबलावर लढाई चालू असताना कोणाचा जादूगार अर्धा तास कढईभोवती फिरत बसला तर बाकीचे चहा प्यायला उठून जातील. मंत्र झटपट हवा, आणि वर व्हॅन्सकडची ती 'एकदा वापरला की गेला' ही अट फुकटात मिळत होती.

नियमांत ते असं उतरलं. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एक मंत्र. एकच. जीव इतका थोडका की जुने खेळाडू आजही म्हणतात, घरातलं मांजर बोचकारलं तरी हा मरेल. तो एक मंत्र टाकल्यावर उरलेला दिवस त्याने योद्ध्याच्या मागे दिवा धरून चालायचं. मात्र पाचव्या लेव्हलला आगीचा गोळा हाती येतो आणि खोलीच्या खोली साफ होते. पुढच्या, १९७८ च्या 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीत तर घोकंपट्टीलाही वेळ लावला होता. पात्रांसारखी मंत्रांनाही लेव्हल असते, आणि मंत्राच्या प्रत्येक लेव्हलमागे पंधरा मिनिटं. पाचव्या लेव्हलचे चार मंत्र भरायचे तर पाच तास पोथीत डोकं, तेही पुरेशी झोप झाल्यावर.

खरी मजा या बंधनातून निर्माण होणाऱ्या निवडीत आहे. सह्याद्रीत दोन दिवसांच्या ट्रेकला निघताना पाठपिशवी भरतो तसं हे. दोर घ्यावा तर पाणी कमी बसतं, आणि कड्यापाशी पोचल्यावर 'घरी दोर आहे' म्हणून काही उपयोग नसतो. उद्या कुलूपबंद दार लागेल की खंदक? झोपेचा मंत्र दोनदा भरून ठेवू की एकदा झोपेचा आणि एकदा प्रकाशाचा? चुकीचं भरलं तर दिवसभर त्याची फळं भोगायची. त्यामुळे जादूगार खेळणारा हा टेबलावरचा सगळ्यात जास्त विचार करणारा माणूस झाला आणि तलवारवाल्याला पुन्हा काम मिळालं, कारण तलवार कधी संपत नाही.

या पद्धतीला खेळाडू आज 'व्हॅन्सियन जादू' म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांनी व्हॅन्स वाचलेला नसतो.

पण हे सगळं टोल्कीनकडून आलं ना?

हा आक्षेप येणारच. एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क, हॉबिट: ही वस्ती टोल्कीनची, यात वाद नाही. हॉबिट तर इतके उघडपणे घेतले होते की १९७७ च्या सुमाराला टोल्कीनचे हक्क सांभाळणाऱ्यांकडून नोटीस आली आणि खेळातल्या हॉबिटचा 'हाफलिंग' झाला, बॅलरॉगचा 'बेलॉर', एंटचा 'ट्रींट'. नावं बदलली, प्राणी तेच राहिले. गायगॅक्स मात्र शेवटपर्यंत टोल्कीनचा प्रभाव वरवरचा असल्याचं सांगत राहिला. नोटीस आलेल्या माणसाचं म्हणणं थोडं सांभाळून ऐकायचं असतं, हे खरं. पण जादूच्या बाबतीत त्याचं म्हणणं तपासून बघता येतं.

टोल्कीनचा गँडाल्फ हा जगातला सगळ्यात प्रसिद्ध जादूगार. तो प्रत्यक्षात जादू किती करतो? काठीला उजेड आणतो, देवदाराची फळं पेटवून लांडग्यांवर फेकतो, एक पूल तोडतो. बरेचदा तो बोलतो, धीर देतो आणि नेमक्या वेळी हजर होतो. १९७७ साली 'द ड्रॅगन' मासिकात एक लेखच आला होता, त्याचा मथळा: गँडाल्फ हा फक्त पाचव्या लेव्हलचा जादूगार होता. चाहते भडकले, पण खेळाच्या कोष्टकात बसवला तर मुद्दा खोडता येत नाही. गँडाल्फची ताकद तो कोण आहे यात आहे, आणि ती मोजता येत नाही. खेळाला मोजता येणारी गोष्ट लागते.

१९७९ च्या डंजन मास्टरसाठीच्या मार्गदर्शकात गायगॅक्सने शेवटी 'अॅपेंडिक्स एन' म्हणून प्रेरणास्थानांची यादी दिली. त्यात टोल्कीन आहे, पण सर्वांत थेट प्रभाव म्हणून वेगळी काढलेली नावं डी कँप-प्रॅट, रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, व्हॅन्स, लव्हक्राफ्ट आणि मेरिट यांची. लायबरकडून गल्लीबोळांचं पापी शहर आणि चोरांची संघटना आली, पॉल अँडरसनच्या एका कादंबरीतून जखमा भरून येणारा ट्रोल. माझ्या मते वाटणी अशी पडते: खेळात भेटतं कोण, ते बरंचसं टोल्कीनचं. खेळणारा दर मिनिटाला कसला हिशेब करतो, तो व्हॅन्सचा.

किरकोळ वस्तूंमध्येही व्हॅन्स सापडतो. त्या रंगीत किरणांच्या फवाऱ्याचा मंत्र 'प्रिझमॅटिक स्प्रे' नावानेच खेळात आला. डोक्याभोवती घिरट्या घालणारे 'आयून' खडे त्याच्याच एका कथेतले. फांडालचं अमुक, फेलोजनचं तमुक अशी मंत्रांना कर्त्याची नावं द्यायची त्याची लकबही उचलली गेली. खेळात 'बिग्बीचा हात' आणि 'टेन्सरची तबकडी' आहे ती त्याच चालीवर, आणि त्यातली बरीच नावं गायगॅक्सच्या टेबलावर खेळल्या गेलेल्या पात्रांची आहेत.

कुगेल, म्हणजे चोराला मंत्र वाचता यावा का

मालेतलं दुसरं पुस्तक, १९६६ चं 'द आइज ऑफ द ओव्हरवर्ल्ड', हे माझ्या मते चारांतलं सर्वोत्तम. त्याचा नायक कुगेल स्वतःला 'चतुर' म्हणवून घेतो. युकूनू या हसऱ्या जादूगाराच्या वाड्यात तो चोरी करायला शिरतो आणि पकडला जातो. शिक्षा म्हणून युकूनू त्याला दूर उत्तरेला एक जांभळं भिंग आणायला पाठवतो. ते डोळ्याला लावलं की झोपडी राजवाडा दिसते आणि आंबील पक्वान्न लागतं. कुगेलने टाळाटाळ करू नये म्हणून त्याच्या यकृताला एक काटेरी प्राणी चिकटवला जातो, आळस दिसला की तो नांग्या रोवतो.

पुस्तकभर प्रवास करून, लोकांना गंडवत आणि स्वतः गंडत, कुगेल परततो. युकूनूवर मात करतो. आता सूड म्हणून त्यालाच त्या उत्तरेच्या किनाऱ्यावर फेकायचं ठरवतो आणि पोथीतून मंत्र घोकतो. पण तो जादूगार नाही. अक्षरांची उलटापालट होते, बोलावलेला राक्षस युकूनूऐवजी कुगेललाच उचलतो आणि नेऊन त्याच किनाऱ्यावर आपटतो, जिथून तो पुस्तकाच्या सुरुवातीला निघाला होता. पुढचा भाग लिहायला व्हॅन्सने १९८३ उजाडवलं. तोवर कुगेल किनाऱ्यावरच.

आता खेळाचा नियम बघा. चोर हा पात्रप्रकार १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत आला. दहाव्या लेव्हलला चोर जादूच्या गुंडाळ्या वाचू शकतो, पण 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीत मंत्र चुकीचा समजण्याची शक्यता पंचवीस टक्के. कुगेलची फजिती टक्क्यांत मांडली तर हेच होईल. चोराच्या घडणीत कुगेलचा वाटा असल्याचं गायगॅक्सने पुढे मोकळेपणाने लिहिलं आहे.

शिकलेलं कोणी असं विसरतं का?

हा या पद्धतीवरचा सर्वांत जुना आक्षेप आहे आणि तो बरोबर आहे. पाढे म्हटले म्हणून पाढे विसरत नाहीत. उलट दहा वर्षं तोच मंत्र रोज घोकणाऱ्याला तो झोपेतही यायला हवा. व्हॅन्सच्या पुस्तकात हे खटकत नाही, कारण तिथला मंत्र ही माहिती नसून जवळजवळ जिवंत, वळवळणारी गोष्ट आहे, डोक्यात कोंडलेली. सोडली की गेली. खेळाच्या नियमांनी 'पाठ करणे' हा शब्द ठेवला आणि ती वळवळ वाटेत सांडली. उरलं ते एक विचित्र विस्मरण, ज्याचं कारण पुस्तिकेत कुठे नीट सापडेना.

म्हणून १९७५ मध्येच 'टनेल्स अँड ट्रोल्स' या स्पर्धक खेळाने वेगळी वाट धरली. तिथे मंत्र टाकला की जादूगाराची शक्ती कमी होते, विश्रांतीने भरते, विसरायचं काही नाही. १९७८ चा 'रूनक्वेस्ट'ही अशाच शक्तीच्या गुणांवर चालतो. संगणकावर या दोन्ही घराण्यांची भावंडं सापडतात. १९८१ च्या 'विझर्ड्री'मध्ये आणि जपानच्या पहिल्या 'फायनल फँटसी'मध्ये (१९८७) प्रत्येक लेव्हलचे ठरावीक मंत्र मोजून मिळतात, तर १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये जादूची एकच टाकी असते आणि प्रत्येक मंत्र तिच्यातून आपापला भाग उपसतो. आजच्या मोबाइल गेममधली निळी पट्टी या टाकीचीच. संगणकावर टाकी जिंकली हे मान्य करायला हवं. आकडा वजा करत बसायचं काम यंत्र करत असेल तर टाकी सोपी पडते. टेबलावर मात्र कागदावरच्या चार चौकटींपैकी एक खोडणं जास्त सुटसुटीत.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नेही वाट बदलली. १९९७ मध्ये मूळची कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत 'सॉर्सरर' आला. त्याला मंत्र थोडेच येतात, पण आयत्या वेळी त्यातला कुठलाही टाकता येतो. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने व्हॅन्सला जवळजवळ घराबाहेर काढलं. काही शक्ती हव्या तेव्हा, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा, आणि योद्ध्यालाही तेच कोष्टक. जुन्या खेळाडूंनी फार आरडाओरडा केला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग काढला, आणि 'बाल्डर्स गेट ३' तिच्यावरच उभा आहे. छोटे मंत्र अमर्याद. मोठ्यांसाठी 'स्लॉट', म्हणजे खर्चायच्या जागा. सकाळी मंत्रांची यादी तयार ठेवायची, आणि त्यातला कुठलाही मंत्र शिल्लक असलेला स्लॉट खर्चून टाकायचा. एकच मंत्र दोनदाही चालतो. विस्मरण गेलं, मोजणी राहिली. सुरुवातीच्या त्या नवख्याचे संपले ते दोन स्लॉट होते.

मग दर लढाईनंतर झोपायचंच की!

हाही आक्षेप खरा आहे, आणि याचं पुरतं उत्तर अजून कोणाला सापडलेलं नाही. साठा झोपेने भरत असेल तर शहाणा गट काय करतो? पहिल्याच खोलीत सगळे मोठे मंत्र उधळतो, दाराला अडसर लावतो आणि आठ तास घोरतो. मग दुसरी खोली. साहसाचा दिवस पंधरा मिनिटांचा, अशी या प्रकाराची चेष्टा खेळाडू स्वतःच करतात. कर्णाला जर घटोत्कच पडल्यावर 'थांबा, मी झोपून येतो' म्हणता आलं असतं तर कृष्णाने आनंद कसला केला असता?

सूत्रधाराकडे यावर उपाय असतात. झोपेत भटके राक्षस येतात. ओलीस ठेवलेल्या माणसाला पहाटे फाशी असते. 'बाल्डर्स गेट ३' पूर्ण विश्रांतीसाठी शिधा मागतो, साधारण खेळात चाळीस एकक, अवघड पातळीवर ऐंशी. म्हणून तिथले वीर प्रत्येक पिंप उघडून त्यातले बटाटे आणि सॉसेज लुटत हिंडतात. हा उपाय मला पटत नाही. शिधा इतका सापडतो की टंचाई कधी जाणवतच नाही, नुसता हमालीचा भार वाढतो. व्हॅन्सच्या रानात मॅझिरियनला झोपायची सोय नव्हती, म्हणून ते रान भीतीदायक होतं. चांगला सूत्रधार तेवढंच करतो: घड्याळ चालू ठेवतो.

खुद्द व्हॅन्स मात्र पुढे निघून गेला

मालेचं चौथं पुस्तक, 'रिआल्टो द मार्व्हलस', १९८४ मध्ये आलं. तोवर खेळ दहा वर्षांचा झाला होता आणि 'व्हॅन्सची जादू' त्याच्या नियमांत सिमेंटसारखी बसली होती. या पुस्तकात जादूगार स्वतः फारसे मंत्र टाकतच नाहीत. 'सँडेस्टिन' नावाचे सामर्थ्यवान, लहरी जीव सगळी कामं करतात, आणि मंत्र म्हणजे त्या जिवाला दिलेली सूचनांची मालिका, असा खुलासा व्हॅन्स प्रस्तावनेतच करून टाकतो. सँडेस्टिन करारावर असतात. प्रत्येक कामाचे त्यांना गुण मिळतात, पुरेसे साठले की सुटका. त्यामुळे पुस्तकातले अर्धे संवाद मालक-नोकरांच्या घासाघिशीचे आहेत: हे काम कठीण आहे, तीन गुण द्या. नाही, एकच. जगाचा अंत जवळ आलेला, आणि जगातले सर्वांत बलाढ्य जादूगार ओव्हरटाइमवरून भांडत बसलेले.

खेळाने हे घेतलं नाही, आणि घेता आलंही नसतं. चार जणांच्या टेबलावर प्रत्येक मंत्राआधी वाटाघाटी कोण करणार? २००१ मध्ये पेलग्रेन प्रेसने खास 'डाइंग अर्थ'चा वेगळा रोल-प्लेइंग गेम काढला, त्यात शब्दांनी पटवणं आणि दुसऱ्याच्या पटवण्याला न बधणं याला तलवारीइतकंच महत्त्व आहे. व्हॅन्सच्या स्वभावाच्या जवळ तो गेला, लोकप्रियतेच्या जवळ नाही. व्हॅन्सची पुढे दृष्टी गेली तरी तो लिहीत राहिला. २००९ मध्ये जॉर्ज मार्टिन आणि गार्डनर डोझॉय यांनी संपादित केलेला एक जाडजूड कथासंग्रह त्याच्या सन्मानार्थ निघाला, त्यात इतर लेखकांनी त्याच विझत्या सूर्याखाली कथा रचल्या. व्हॅन्स २०१३ मध्ये गेला.

वाचायचं असेल तर क्रमाने जाऊ नका. कुगेलचं पुस्तक आधी घ्या, मग १९५० चं पहिलं. पहिल्या पुस्तकाचा सूर गंभीर, स्वप्नाळू आहे आणि मधल्या दोन कथा रेंगाळतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कुगेल हा गोड बदमाश नाही. तो स्त्रियांशी अत्यंत वाईट वागतो, सोबत्यांना संकटात सोडून पळतो, आणि व्हॅन्स त्याबद्दल वाचकाची माफी मागत नाही. काही पानं आज वाचवत नाहीत. खेळातल्या चोराला हे दोष वारशात मिळाले नाहीत, त्याला फक्त कुगेलचं ते पंचवीस टक्क्यांचं दुर्दैव मिळालं.